दोन इंचांची आस, दोन मीटरची दोरी

मेक्सिकोपासून पेरूपर्यंत पसरलेल्या पूर्व प्रशांत महासागराच्या उष्ण पाण्यात डॉल्फिनचा मोठा कळप उसळत चाललेला दिसला, की त्याच्या खाली टुना आहे हे तिथले मच्छिमार ओळखतात. हा टुना पिवळ्या परांचा, कोकणात ज्यांना कुपा किंवा गेदर म्हणतात त्यांच्याच घराण्यातला, पण लांबीला माणसाएवढा भरू शकणारा. वर ठिपकेवाले आणि गिरक्या घेत उडणारे स्पिनर डॉल्फिन, खाली टुना, अशी ही सोबत असते. १९५० च्या दशकापर्यंत तिथे गळाच्या काठीने एकेक टुना बोटीत ओढत. डॉल्फिनला त्यात इजा व्हायचे कारण नव्हते. मग दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. सुती जाळ्याच्या जागी न कुजणारे नायलॉनचे जाळे आले, आणि मारिओ पुराटिच या क्रोएशियात जन्मलेल्या मच्छिमाराने जाळे ओढणारी यांत्रिक कप्पी तयार केली. जाळे केवढे असावे हे तोवर खलाशांच्या दंडातल्या ताकदीवर ठरत होते, आता ते यंत्रावर ठरू लागले. कप्तानांनी स्पीडबोटी सोडून डॉल्फिनांचा पाठलाग करायला, त्यांना एका जागी रेटायला आणि मग त्यांच्याभोवती किलोमीटरहून लांब पर्ससीन जाळ्याचा वेढा घालायला सुरुवात केली. टुना डॉल्फिनला सोडत नाही, त्यामुळे डॉल्फिन घेरले की टुनाही घेरला जातो. जाळ्याचा तळ दोर ओढून आवळला की दोघेही आत.

तेव्हापासून या एका मासेमारीत साठ लाखांहून जास्त डॉल्फिन मेले, असा अंदाज आहे. १९६० च्या दशकात विल्यम पेरिन या तरुण अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने बोटींवर जाऊन हा प्रकार पाहिला, नोंदला आणि जगापुढे मांडला. कोणत्याही एका मासेमारीत देवमासे-डॉल्फिन कुळाची एवढी हानी झाल्याची दुसरी नोंद नाही.

डॉल्फिन फुप्फुसाने श्वास घेणारे प्राणी. काही मिनिटे पाण्याखाली अडकले की ते गुदमरतात. मासा जाळ्यात तासभर जिवंत राहील, डॉल्फिन राहणार नाही. बोयांची दोरी ओलांडून उडी मारायची ताकद त्यांच्यात आहे, तरी घेरलेला कळप उडी मारत नाही. तो वेढ्याच्या मध्यभागी, जाळ्यापासून शक्य तितका लांब, घोळक्याने थांबतो. जाळे ओढत आणले की ती मधली जागा आक्रसत जाते. प्रवाहाने जाळ्याच्या भिंती आत झुकतात, त्यांच्या झोळ्या तयार होतात आणि खालून वर येणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावर छत धरले जाते. त्यात टुनाच्या जाळ्याची आस, म्हणजे जाळ्याचे भोक, सव्वाचार इंचांची. टुनाला ती पुरते, पण डॉल्फिनची निमुळती चोच आणि बाजूचे पर तिच्यात नेमके शिरतात आणि मागे निघत नाहीत.

या सगळ्यावरचा पहिला उपाय प्रयोगशाळेतून आला नाही, तो बोटीवरच सापडला. १९६० च्या सुमारास काही कप्तानांच्या लक्षात आले, की जाळे अर्धे-अधिक ओढून झाल्यावर बोट उलट्या दिशेने चालवली तर पाण्यात राहिलेले जाळे ताणले जाऊन त्याची लांबट नाळ होते. तिच्या टोकाकडची बोयांची दोरी पाण्याच्या दाबाने बुडते. टोकाशी जमलेल्या डॉल्फिनांना काही करावे लागत नाही. झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून चादर सरकवून घ्यावी तसे जाळे त्यांच्या पोटाखालून निघून जाते. टुना या वेळी बोटीच्या बाजूला आणि खोल असतो, तो आतच राहतो. कप्तानाने एकदा का बोट थांबवली की बोया पुन्हा वर येतात. हे काम अगदी बेताने करावे लागते. जरा जास्त वेळ बोट मागे नेली तर टुना निसटतो, जरा लवकर थांबवली तर डॉल्फिन मागे राहतात.

युक्ती चांगली होती, पण तिची एक बाजू लंगडी होती. जाळे ज्या टोकाशी डॉल्फिनांच्या अंगाला घासत जाते तिथेच त्यांच्या चोची आणि पर आसांत अडकत. १९७१ मध्ये हॅरल्ड मेडिना या कॅलिफोर्नियातल्या टुना-कप्तानाने नेमक्या त्या भागात दोन इंचांच्या आसेची पट्टी शिवली. एवढ्या बारीक आसेत चोच शिरत नाही. सगळे जाळे बारीक आसेचे केले असते तर ते पाण्यात ओढता आले नसते, खर्चही परवडला नसता. म्हणून मेडिनाने डॉल्फिनशी गाठ पडते तेवढाच भाग बदलला. जाळे रचण्याच्या कलेतली ही एक मोठी सुधारणा, आणि ती रोज जाळे ओढणाऱ्या माणसाने केली, याला मी फार महत्त्व देतो. पुढे आस आणखी बारीक झाली. आजच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार डॉल्फिनांवर जाळे टाकणाऱ्या बोटीला अशी किमान १८० वावांची, म्हणजे सव्वातीनशे मीटरहून लांब पट्टी लागते आणि तिची आस सव्वा इंचापेक्षा मोठी चालत नाही. शिवाय बोटीवर किमान तीन चालू स्थितीतल्या स्पीडबोटी, पाण्यात उतरून डॉल्फिन हाताने बाहेर काढण्यासाठी एक तराफा, पाण्याखाली पाहण्याचे दोन मुखवटे आणि एक मोठा प्रकाशझोत, असे सगळे यादीत लिहिलेले आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत डॉल्फिन सोडून झाले पाहिजेत, कारण अंधारात झुकलेले जाळे दिसत नाही.

१९७१ मध्ये पट्टी आली, १९७२ मध्ये अमेरिकेने सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा केला, तरी १९८६ या एका वर्षात या समुद्रात सुमारे १ लाख ३३ हजार डॉल्फिन मेले. मधल्या काळात अमेरिकन बोटींची संख्या घटली, इतर देशांचे ताफे वाढले आणि नवख्या कप्तानांच्या बोटींवर मोजायला कोणी नव्हते. पट्टी जाळ्यात होती किंवा नव्हती, ती नीट बसवली होती किंवा नव्हती, हे पाहणार कोण? १९८७-८८ मध्ये सॅम लबड नावाचा तरुण एका टुना-बोटीवर स्वयंपाकी म्हणून राहिला आणि त्याने मरणाऱ्या डॉल्फिनांचे चित्रण करून आणले. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी टुनाच्या डब्यांकडे पाठ फिरवली, आणि १९९० मध्ये मोठ्या कंपन्यांनी डॉल्फिनांना घेरून पकडलेला टुना घेणार नाही असे जाहीर केले. १९९२ मध्ये ला होयाचा समझोता झाला आणि त्यातून १९९९ मध्ये अंमलात आलेला करार निघाला. त्यात प्रत्येक मोठ्या बोटीवर, प्रत्येक फेरीला, निरीक्षक सक्तीचा झाला. त्याहून परिणामकारक अट अशी, की प्रत्येक बोटीला वर्षाकाठी किती डॉल्फिन मरू शकतात याची कमाल मर्यादा ठरली. मर्यादा संपली की त्या बोटीची डॉल्फिनांवरची मासेमारी त्या वर्षापुरती बंद. मग कप्तान स्वतःच जाळ्याची पट्टी तपासू लागले, प्रवाह पाहून जाळे टाकू लागले. आज तिथली नोंदलेली वार्षिक मरणसंख्या हजाराच्या आत-बाहेर असते.

या यशाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. डॉल्फिनांचे कळप अपेक्षेइतके वाढले नाहीत. वारंवारच्या पाठलागाने त्यांच्यावर ताण येतो आणि पिल्ले आयांपासून तुटतात, असे अभ्यासकांना वाटते. दुसरी बाजू अशी, की डॉल्फिन सोडून ओंडक्यांभोवती किंवा समुद्रात सोडलेल्या तरत्या तराफ्यांभोवती पर्ससीन टाकली, तर डॉल्फिन वाचतात पण शार्क, कासवे आणि टुनाची लहान पिल्ले कितीतरी जास्त सापडतात. डब्यावरच्या ‘डॉल्फिन-सुरक्षित’ शिक्क्यात हे दिसत नाही.

पर्ससीनमध्ये निदान डॉल्फिन आधी दिसतात. जगात सर्वांत जास्त सागरी सस्तन प्राणी मरतात ते गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या सोडलेल्या, माशाचे कल्ले अडकवणाऱ्या जाळ्यात. अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार मासेमारीत अपघाताने दरवर्षी तीन लाखांच्या वर देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज मरतात, आणि त्यातले बहुतेक गिलनेटमध्ये. सील आणि सागरी सिंहांचा हिशेब वेगळा.

डॉल्फिन आवाज सोडून प्रतिध्वनीवरून जग ओळखतात. मग त्यांना जाळे का कळत नाही? उत्तर धाग्यात आहे. नायलॉनची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा फारशी वेगळी नाही, म्हणून आवाज त्याच्यावर आदळून परत फिरण्याऐवजी बराचसा आरपार जातो. शिवाय धागा बारीक. पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचे आखूड तोंडाचे बुजरे भाऊबंद, साधारण १३० किलोहर्ट्झचे टिकटिक आवाज काढतात. पाण्यात त्या ध्वनीची तरंगलांबी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास येते. अर्ध्या मिलिमीटरचा एकपदरी धागा तिच्यापुढे काहीच नाही. हवेने भरलेल्या बोयांचा आणि खालच्या शिशांचा प्रतिध्वनी मिळतो, मधल्या पडद्याचा जवळपास मिळत नाही. त्यामुळे प्राण्याला वर एक ओळ आणि खाली एक ओळ जाणवते, मध्ये मोकळे पाणी. पूर्वीचे जाड, पीळदार सुती जाळे निदान जरा जास्त ठळक होते आणि धडकेने तुटतही असे. मासा फसावा म्हणून धागा जितका अदृश्य आणि चिवट केला, तितका तो डॉल्फिनलाही फसवू लागला. त्यातही प्राणी नेहमी आवाज सोडत नाही. आणि जाळ्यात अडकलेला मासा खायला आलेल्या डॉल्फिनचे सगळे लक्ष माशावर असते.

जाळे कसे टांगले यालाही महत्त्व आहे. घट्ट ताणलेल्या पडद्याला धडकलेला प्राणी कधी कधी परत फिरतो. सैल, झोळ पडलेल्या पडद्यात तो गुरफटतो. मोठ्या आसेत पर आणि शेपटी शिरते. जाळे जितके उंच आणि जितका वेळ पाण्यात, तितका धोका जास्त.

मग जाळे ऐकू येईल असे करावे, असा विचार पुढे आला. धाग्यात बेरियम सल्फेट किंवा लोहाच्या ऑक्साइडची भुकटी मिसळून पाहिली. काही ठिकाणी पॉरपॉइज कमी अडकले, पण ते प्रतिध्वनीमुळे की धागा ताठ झाल्यामुळे, यावर वाद झाला. डेन्मार्कमध्ये तर अशा जाळ्यात कॉड मासाही कमी आला, आणि मासाच कमी येत असेल तर ते जाळे कोणी विकत घेणार नाही. जर्मनीतल्या थ्यूनेन संस्थेच्या अभ्यासकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी पॉरपॉइजच्याच आवाजाला थरथरून प्रतिसाद देतील अशा मापाचे, सेंटिमीटरहून लहान अॅक्रिलिकचे मणी जाळ्यात बसवले. मणी पारदर्शक, वजनाला जवळपास पाण्याइतके, त्यामुळे जाळे जड होत नाही आणि माशाला दिसत नाही. पॉरपॉइजला मात्र जाळ्याच्या जागी ठिपक्यांची भिंत ऐकू येते. कल्पना मला अतिशय आवडते. अडचण एकच: किलोमीटरभर जाळ्यात हजारो मणी लावायचे तर यंत्र हवे.

आतापर्यंत सर्वांत पक्का पुरावा मिळाला आहे तो पिंगरला. मुठीएवढ्या आकाराचे हे बॅटरीवरचे यंत्र जाळ्याच्या दोरीला बांधतात आणि ते दर काही सेकंदांनी बारीक टिटी वाजवते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मेनच्या आखातात मच्छिमारांच्याच बोटींवर याची कसोटी घेतली गेली. निम्म्या जाळ्यांवर चालू पिंगर, निम्म्यांवर बंद, आणि कुठले चालू हे बोटीवर कोणाला माहीत नाही. बंद पिंगरच्या जाळ्यांत २५ पॉरपॉइज अडकले, चालू पिंगरच्या जवळपास तितक्याच जाळ्यांत २. हा निकाल १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तरी पिंगरचे दुखणे असे, की बॅटरी संपते, आणि सगळ्याच प्राण्यांना तो दूर ठेवत नाही. सील आणि सागरी सिंहांना कळू लागते, की जिथे टिटी तिथे आयता मासा. पेरूमध्ये गिलनेटवर हिरवे एलईडी दिवे लावले तेव्हा लहान डॉल्फिन-पॉरपॉइजांचे अडकणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले, कासवांचेही तसेच. हे दिवे मुळात कासवांसाठी लावले होते.

ट्रॉल जाळ्यात प्रश्न निराळा, कारण तिथे प्राणी ओढल्या जाणाऱ्या पिशवीत आत शिरतो. न्यूझीलंडच्या दक्षिणेला ऑकलंड बेटांजवळ माकुलाच्या ट्रॉलमध्ये सागरी सिंह सापडत. तिथे खोळीच्या आधी लोखंडी गजांची तिरपी जाळी आणि वर सुटकेचे दार बसवले. गजांमधल्या २३ सेंटिमीटरच्या फटीतून माकुल मागे जाते, सागरी सिंह गजांवरून दाराकडे सरकतो. बोटीवर येणाऱ्या मृतदेहांची संख्या घटली, आणि लगेच प्रश्न उभा राहिला की दारातून गेलेला प्राणी जगतो का. बाहेर पडलेला पण आत गुदमरलेला प्राणी कोणाच्याच वहीत येत नाही. न्यूझीलंडमध्ये यावर वर्षानुवर्षे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.

काही ठिकाणी जाळे सुधारून भागत नाही. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या वरच्या टोकाला वाकिता नावाचा पॉरपॉइज आहे, जगात फक्त तिथेच, लांबीला जेमतेम दीड मीटर. त्याच पाण्यात तोतोआबा नावाचा जवळपास तेवढाच मोठा मासा आहे. त्याच्या पोटातल्या पोट्याला, म्हणजे हवेच्या पिशवीला, चीनमध्ये प्रचंड किंमत येते. आपल्याकडच्या घोळीच्या पोट्याचा भाव ऐकून असणाऱ्यांना हे लगेच कळेल. तोतोआबा घोळीच्याच कुळातला. तोतोआबासाठी टाकलेल्या मोठ्या आसेच्या गिलनेटमध्ये वाकिताही बसतो, कारण दोघांची मापे सारखी. ज्या आसेतून वाकिता सुटेल तिच्यातून तोतोआबाही सुटेल. १९९७ च्या पाहणीत साडेपाचशेच्या आसपास वाकिता होते, २०२४ च्या पाहणीत सहा ते आठ दिसले. मेक्सिकोने गिलनेटवर २०१५ मध्ये तात्पुरती आणि २०१७ मध्ये कायमची बंदी घातली. पर्यायी हलकी ट्रॉल जाळीही विकसित झाली, पण तिथल्या मच्छिमारांना ती वेळेवर, परवडेल अशी आणि पुरेशा संख्येने मिळाली नाही. २०२२ मध्ये नौदलाने समुद्रतळावर आकडे लावलेले सिमेंटचे ठोकळे टाकले, गिलनेट अडकून फाटावीत म्हणून. त्यानंतर वाकिताच्या मुख्य टापूत जाळी कमी दिसू लागली. हे दहा वर्षे आधी व्हायला हवे होते.

आता आपला समुद्र. आर. चार्ल्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हिंदी महासागरातल्या टुना-गिलनेटचा हिशेब मांडला. १९५० ते २०१८ या काळात ४१ लाख डॉल्फिन आणि इतर लहान देवमासे या जाळ्यांत मेले असावेत, आणि अलीकडेही हा आकडा वर्षाला ८० हजारांच्या आसपास असावा, असा त्यांचा अंदाज आहे. इराण, पाकिस्तान, भारत, श्रीलंका, ओमान, इंडोनेशिया, सगळेच त्यात आले. पूर्व प्रशांतातल्या डॉल्फिनांसाठी जग उभे राहिले, इथल्यांसाठी फारसे कोणी बोलले नाही. इथल्या बोटी लहान, हजारोंच्या संख्येने, आणि त्यांच्यावर निरीक्षक नाही.

म्हणून पाकिस्तानात झालेला प्रयोग मला मोलाचा वाटतो. तिथे डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेने तांडेलांनाच, म्हणजे बोटींच्या कप्तानांनाच, नोंदी ठेवायला शिकवले आणि त्यांना एकच बदल करायला सांगितले. तरत्या गिलनेटची वरची कड पाण्याच्या पृष्ठभागाला लागून असते. ती बोयांपासून लांब दोऱ्यांनी दोन मीटर खाली सोडायची, एवढेच. श्वासासाठी वर येणाऱ्या आणि पृष्ठभागालगत पोहणाऱ्या डॉल्फिनला त्या दोन मीटरमध्ये वाट मिळते. जेरेमी किश्का आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. खाली सोडलेल्या जाळ्यांत डॉल्फिन अडकण्याचे प्रमाण ७८.५ टक्क्यांनी कमी होते, आणि टुनासारख्या माशांच्या मिळकतीत लक्षणीय फरक पडला नव्हता. हिंदी महासागर टुना आयोगाने २०१९ च्या ठरावात गिलनेट २०२३ पर्यंत दोन मीटर खाली सोडावीत असे म्हटलेही होते.

आपल्या किनाऱ्याला लागूनच पाठीला कुबड असणारा हंपबॅक डॉल्फिन आणि पाठीवर परच नसलेला फिनलेस पॉरपॉइज राहतात. दोघांचे टापू आपल्या लहान होड्यांच्या मासेमारीचेच टापू आहेत. सिंधुदुर्गातला मच्छिमार डॉल्फिनबद्दल तक्रार करतो ती जाळी फाडण्याची, आणि ती खरी आहे. फाटलेल्या जाळ्याचा भुर्दंड त्यालाच पडतो. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये एक चांगली योजना सुरू केली. कासव, डॉल्फिन, देवमुशी असा संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून दिला आणि फोटो किंवा व्हिडिओ दिला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मच्छिमारांनी तिला प्रतिसाद दिला आहे. पण ती योजना जिवंत सापडलेल्या प्राण्यापुरती उपयोगी. देवमुशी कल्ल्यांनी श्वास घेते, ती बराच वेळ तग धरते. रात्रभर सोडलेल्या जाळ्यात मध्यरात्री अडकलेला पॉरपॉइज पहाटे जाळे ओढेपर्यंत मेलेला असतो, आणि मेलेल्या प्राण्यासाठी जाळे कापून काही होत नाही. त्याच्यासाठी जे करायचे ते जाळे पाण्यात जाण्याआधीच करावे लागते.

बाजाराचाही रेटा येतो आहे. अमेरिकेच्या १९७२ च्या कायद्यातले आयातीचे कलम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. ज्या मासेमारीत सागरी सस्तन प्राण्यांची काळजी अमेरिकेच्या तोडीने घेतली जात नाही तिचा मासा तिथे विकता येणार नाही. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था त्यासाठी आपल्या समुद्रातल्या या प्राण्यांची गणना करते आहे. पण जाळ्यात किती मरतात याचा आकडा किनाऱ्यावर बसून मिळत नाही, तो तांडेलाच्या वहीतूनच येणार. आणि सापडलेला प्राणी नोंदवला तर आपल्यावरच कारवाई होईल, ही भीती असेपर्यंत ती वही कोरीच राहील. वन विभागाने ही भीती आधी घालवावी.

मत्स्य विभाग, मच्छिमार सहकारी संस्था आणि अभ्यासक यांनी मिळून पावसाळी बंदी उठल्यावर कोकणातल्या तरत्या जाळ्यांवर दोन मीटरच्या दोरीचा प्रयोग करावा. निम्म्या बोटींनी जाळे खाली सोडावे, निम्म्यांनी नेहमीसारखे, आणि दोन्हींनी मासाही मोजावा, डॉल्फिनही. आपल्याकडचा मासा पाकिस्तानच्या खोल समुद्रातल्या टुनापेक्षा वेगळा; सुरमई आणि पापलेटच्या मिळकतीत घट येत असेल तर तीही या मोजणीत दिसेल, आणि तिची भरपाई सरकारने द्यावी. फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार देणाऱ्या राज्याला बोयांच्या दोऱ्यांचा खर्च जड नाही.